आधी रेघा, मग गावं: अमेरिकेचा पश्चिम कसा वसला

३० सप्टेंबर १७८५ रोजी ओहायो नदीच्या उत्तर काठावर, पेनसिल्व्हेनियाची हद्द जिथे पाण्याला टेकते त्या जागी, थॉमस हचिन्स नावाचा सरकारी अधिकारी मोजणीची साखळी घेऊन उभा राहिला. साखळी लोखंडी, ६६ फुटांची, १०० कड्यांची. तिथून त्याने नाकासमोर पश्चिमेकडे रेघ आखायला घेतली. आठवडाभरात जेमतेम चार मैल मोजून झाले आणि काम थांबलं. पुढच्या रानात ज्यांची वस्ती होती त्या जमाती हल्ला करतील अशी भीती होती. पण रेघ थांबली ती तेवढ्यापुरतीच. पुढच्या शंभरेक वर्षांत ती पॅसिफिक महासागरापर्यंत पोचली, आणि तिच्यामागून गाड्या, रेल्वे, शाळा, काटेरी तारा आणि कोर्टकज्जे सगळं गेलं.

अमेरिकेचा पश्चिम म्हटलं की घोडेस्वार, बंदुका आणि सोन्याच्या खाणी डोळ्यांपुढे येतात. ते सगळं होतंच. तरी तो मुलूख वसला कसा हे समजून घ्यायचं, तर ती साखळी हातातून सोडू नये असं मला वाटतं. तिथे जमीन आधी मोजली गेली, मग विकली किंवा वाटली गेली, आणि नवा शेतकरी सगळ्यांत शेवटी आला. त्या वसाहतीत जे चांगलं घडलं आणि जे फार वाईट घडलं, दोन्हीची मुळं या क्रमात आहेत.

आपल्याला ही साखळी परकी वाटायचं कारण नाही. एकर म्हणजे ४० गुंठे, आणि गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तुकडा, हे शेती असलेल्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं. हे ३३ म्हणजे ६६ फुटी साखळीच्या बरोबर निम्मे. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास ६६ फुटी साखळी रूढ केली. तिचा हिशेब सुटसुटीत आहे: ८० साखळ्यांचा एक मैल, १० चौरस साखळ्यांचा एक एकर. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिची अर्धी, ३३ फुटांची, १६ आण्यांची साखळी वापरात आली. लहानपणी आमच्या शेताची मोजणी झाली तेव्हा आजोबा दिवसभर त्या साखळीमागे चालत होते. प्रत्येक दगड कुठे रोवला जातो ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

माप एकाच घराण्यातलं, वापर मात्र उलटा. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरापासून आपल्याकडची मोजणी सुरू केली, तेव्हा मोजणारे जिथे शेत होतं तिथे गेले. बांध होता, वहिवाट होती, कसणारा होता. ओढ्याने वाकवलेलं शेत नकाशावरही वाकडंच उतरलं. अमेरिकेत रेघा आधी कागदावर ठरल्या आणि मग जमिनीवर उतरल्या. ओढा मध्ये आला तर रेघ ओढ्यातून गेली, डोंगर आला तर डोंगरावरून. कुणाची मक्याची शेतं, कुणाची दफनभूमी, कुणाचं शिकारीचं रान मध्ये आलं तरी ती वाकली नाही.

नांगरासारखे वळणारे आकडे

१७८३ मध्ये इंग्लंडशी तह झाला आणि नवा देश जन्मला, पण तिजोरी रिकामी होती. डोक्यावर युद्धाचं कर्ज होतं आणि मध्यवर्ती सरकारला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. विकण्याजोगी गोष्ट एकच होती, ॲपलेशियन डोंगरांपलीकडची जमीन. ती विकायची तर खरेदीखतात तिचं वर्णन हवं. जुनी पद्धत आपल्या चतुःसीमेसारखी होती: या ओक झाडापासून त्या खडकापर्यंत, तिथून ओढ्याच्या काठाने. झाड पडलं, ओढ्याने पात्र बदललं की भांडण. केंटकी राज्यात एकाच जमिनीवर दोघा-तिघांचे कागद निघत. तिथला एक शेतकरी, थॉमस लिंकन, अशाच हद्दींच्या आणि मालकीच्या वादांत जमीन गमावून १८१६ मध्ये कुटुंबासह इंडियाना प्रांतात गेला. कारण तिथली जमीन सरकारने मोजलेली होती. त्याचा मुलगा अब्राहम तेव्हा सात वर्षांचा होता. हा मुलगा तरुणपणी इलिनॉयमध्ये काही काळ मोजणीदार होता, आणि या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

२० मे १७८५ च्या जमीन कायद्याने ठरवलं ते असं. सगळी जमीन सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा चौकोनांत कापायची. या चौकोनाला टाउनशिप म्हणायचं. त्याचे ३६ तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. हा सेक्शन. त्याचा चतकोर १६० एकरांचा. १६० हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो वारंवार भेटेल. प्रत्येक टाउनशिपमधला १६ क्रमांकाचा सेक्शन सार्वजनिक शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवला. गावात एकही माणूस आलेला नसताना शाळेची तजवीज झालेली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१७९६ च्या कायद्यापासून या ३६ तुकड्यांना क्रमांक देण्याची जी रीत पक्की झाली, ती शेतकऱ्याला चटकन कळेल. ईशान्य कोपऱ्यात एक नंबर. तिथून पश्चिमेकडे दोन, तीन, चार करत सहापर्यंत जायचं. मग खाली उतरून सहाच्याच खाली सात लिहायचा आणि उलट पूर्वेकडे यायचं. तासाच्या टोकाला बैल वळवून दुसरं तास धरावं, अगदी तसं. ३६ वा तुकडा आग्नेय कोपऱ्यात येतो. या रीतीमुळे न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या माणसाला, कधीही न पाहिलेल्या जमिनीचा अमुक चतकोर, अमुक सेक्शन, अमुक टाउनशिप असा बिनचूक पत्ता देता येऊ लागला. हजार मैलांवरून जमीन घ्यावी, विकावी, गहाण टाकावी, इतकी ती कागदावर सुटसुटीत झाली.

प्रत्यक्ष काम मात्र कष्टाचं होतं. मोजणीदाराला मैलाच्या हिशेबाने पैसे मिळत. बरोबर साखळी ओढणारे दोघे, झाडं तोडणारे एक-दोघे. दलदल, डास, हिवताप यांतून जायचं. कोपऱ्यावर लाकडी खुंट रोवायची आणि जवळच्या झाडांवर कुऱ्हाडीने खूण करून त्यांना साक्षीदार करायचं. झाडच नसलेल्या गवताळ माळावर मातीचा ढीग रचायचा, शेजारी खड्डे खणायचे, कधी खाली कोळसा पुरायचा, कारण कोळसा कुजत नाही.

शिवाय पृथ्वी गोल. उत्तरेकडे जाणाऱ्या दोन सरळ रेघा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात. ४० अंश अक्षांशावर सहा मैलांच्या चौकोनाची उत्तरेची बाजू दक्षिणेच्या बाजूपेक्षा सुमारे ४० फुटांनी आखूड भरते. त्यामुळे ठरावीक अंतरावर एक दुरुस्तीची रेघ घ्यावी लागते आणि तिथून चौकोन पुन्हा पूर्ण मापाने सुरू करावे लागतात. नेब्रास्का, कॅन्सससारख्या राज्यांत सरळसोट चाललेला रस्ता कधीकधी उगाचच डावीकडे थोडा सरकून पुन्हा सरळ होतो. तिथे ना ओढा असतो ना टेकडी. ती दुरुस्तीची रेघ असते.

फ्रान्सने नेमकं काय विकलं

१८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेतलं: सुमारे ५३ कोटी एकर, दीड कोटी डॉलरला, म्हणजे एकराला तीन सेंटही नाहीत. हैतीतल्या गुलामांच्या उठावाने नेपोलियनचं सैन्य खलास केलं होतं आणि इंग्लंडशी पुन्हा युद्ध तोंडावर होतं. त्याला पैसा हवा होता.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. त्या मुलखाच्या बहुतेक भागात फ्रेंचांचा शिपाईसुद्धा नव्हता. तिथे ओसेज, मँडन, लकोटा, पॉनी, शोशोनी अशा जमाती राहत होत्या. फ्रान्सने विकला तो इतर युरोपीय सत्तांना बाजूला ठेवून त्या जमातींशी एकट्याने व्यवहार करण्याचा हक्क. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२३ मध्ये हे तत्त्व निकालात स्पष्ट शब्दांत मांडलं: मूळ रहिवाशांना जमिनीवर राहण्याचा हक्क आहे, पण ती ते फक्त सरकारलाच देऊ शकतात. गिऱ्हाईक एकच असेल तर भाव कोण ठरवणार, हे बाजारात माल नेणाऱ्या कुणालाही कळेल. म्हणून पश्चिमेत ठरलेला क्रम दिसतो: आधी तह, बरेचदा धाकाने किंवा उपासमारीच्या वेळी केलेला, मग मोजणी, मग विक्री. १८३० च्या हकालपट्टीच्या कायद्याने तर तहाचा आडोसाही पातळ झाला. १८३८-३९ मध्ये सुमारे १६,००० चेरोकींना जॉर्जिया आणि आसपासच्या भागातून मिसिसिपीपलीकडे हाकललं गेलं आणि त्यांतले सुमारे ४,००० दगावले. त्यांच्यात शेतकरी होते, छापखानावाले होते, स्वतःची लिपी आणि राज्यघटना असलेली माणसं होती.

विकत घेतलेल्या मुलखात आहे तरी काय, हे पाहायला अध्यक्ष जेफरसन यांनी मेरीवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांना धाडलं. मे १८०४ मध्ये ते सेंट लुईसजवळून मिसुरी नदीने निघाले आणि सप्टेंबर १८०६ मध्ये परतले. या प्रवासातला एक क्षण मला सगळ्यांत बोलका वाटतो. मिसुरीच्या उगमापाशी एक सोपा डोंगर असेल, तो ओलांडला की पलीकडे पश्चिमवाहिनी नदी मिळेल आणि होड्या थेट समुद्राकडे सोडता येतील, अशी जाणकारांची समजूत होती. १२ ऑगस्ट १८०५ रोजी लुईस लेम्ही खिंडीत चढला. पलीकडे पाहिलं तर बर्फाने माखलेल्या डोंगरांच्या रांगांमागे रांगा. कागदावरचा पश्चिम आणि खरा पश्चिम यांची ती पहिली गाठ.

पुढे जायला घोडे हवे होते, आणि घोडे होते शोशोनींकडे. तुकडीबरोबर सकागावेआ नावाची शोशोनी मुलगी होती. साधारण बाराव्या वर्षी हिडात्सा नावाच्या दुसऱ्या जमातीने तिला पळवून नेलं होतं, पुढे ती एका फ्रेंच-कॅनेडियन व्यापाऱ्याच्या घरात गेली, आणि आता पाठीवर काही महिन्यांचं बाळ घेऊन दुभाषी म्हणून चालली होती. बोलणी करायला शोशोनींचा म्होरक्या आला आणि तिने ओळखलं, हा तर माझा भाऊ, कामेआवेट. घोडे मिळाले. डोंगर ओलांडून उपाशी, आजारी अवस्थेत उतरले तेव्हा नेझ पर्स लोकांनी त्यांना खाऊ घातलं. क्लार्कचा गुलाम यॉर्क हाही सगळी वाट चालला, बंदूक चालवली, होड्या ओढल्या. परतल्यावर इतरांना पगार आणि जमीन मिळाली, त्याला काहीच मिळालं नाही. शोध लावला असं आपण म्हणतो, पण ही माणसं जवळजवळ प्रत्येक पावलाला कुणाच्या तरी परसातून, त्यांनी दाखवलेल्या वाटेने गेली.

पुढे १८४० च्या दशकात हजारो कुटुंबं मिसुरीहून ऑरेगनकडे निघाली. वाट सुमारे २,००० मैलांची. घोड्यांपेक्षा बैल जास्त, कारण बैल रस्त्याकडेच्या गवतावर निभावतो आणि दमानं ओढतो. गाडी सामानाने भरलेली, त्यामुळे माणसं बहुतेक वाट पायीच. वसंतात गवत उगवल्यावर निघायचं आणि डोंगरात बर्फ पडायच्या आत पार व्हायचं. म्हणून वायोमिंगमधल्या एका मोठ्या खडकापाशी ४ जुलैच्या आत पोचायचं अशी खूणगाठ असे, आणि त्यावरूनच त्या खडकाला स्वातंत्र्याचा खडक म्हणत. वाटेत माणसं मेली ती बाणांपेक्षा पटकीने आणि नदी ओलांडताना कितीतरी जास्त. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, त्याच वर्षी मेक्सिकोकडून तो सगळा नैर्ऋत्य भाग युद्धानंतरच्या तहात मिळाला, आणि गर्दीला पूर आला.

अठरा डॉलरचं शेत

सरकारी जमिनीचा भाव सुरुवातीला एकरी एक डॉलर होता आणि किमान ६४० एकर घ्यावे लागत. ६४० डॉलर रोख कुठल्या गरिबाकडे असणार? त्यामुळे जमीन सटोडियांनी घेतली आणि तुकडे करून विकली. हळूहळू किमान तुकडा लहान होत ३२०, १६०, ८० आणि १८३२ मध्ये ४० एकरांवर आला. जे आधीच जाऊन झोपडी बांधून बसले होते, त्यांना १८४१ च्या कायद्याने ती जागा एकरी सव्वा डॉलरने घेण्याचा पहिला हक्क मिळाला. फुकट जमीन द्यावी ही मागणी जुनीच होती, पण दक्षिणेतल्या गुलामधारक राज्यांचा तिला विरोध होता. पश्चिमेत स्वतः कसणारे छोटे शेतकरी भरले की गुलामीला तिथे जागा उरणार नाही, हे त्यांना दिसत होतं. १८६० मध्ये अध्यक्ष ब्युकॅनन यांनी असं विधेयक अडवलं. मग ती राज्यं फुटून निघाली, यादवी युद्ध पेटलं, संसदेत विरोध करायला कुणी उरलं नाही, आणि २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही झाली. सही करणारा अध्यक्ष म्हणजे केंटकीतल्या वादांत जमीन गमावलेल्या त्या शेतकऱ्याचा मुलगा, अब्राहम लिंकन.

कायदा असा होता. वय २१ किंवा तुम्ही कुटुंबप्रमुख असाल, नागरिक असाल किंवा होण्याचा इरादा जाहीर केला असेल आणि देशाविरुद्ध शस्त्र उचललेलं नसेल, तर १६० एकर घ्या. पाच वर्षं तिथे राहा, घर बांधा, जमीन कसा. मग दोन साक्षीदार उभे करून ते सिद्ध करा. सगळी फी मिळून १८ डॉलर. अविवाहित आणि विधवा स्त्रियांनाही स्वतःच्या नावावर अर्ज करता येई. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती, आणि हजारो जणींनी ती केली. गुलामीतून सुटलेली कृष्णवर्णीय कुटुंबं १८७७ मध्ये कॅन्ससमध्ये निकोडेमस नावाचं गाव वसवायला आली, तेही याच हिमतीवर. चिनी माणसाला मात्र नागरिकच होता येत नव्हतं, म्हणून जमीन नाही. मध्य पॅसिफिक रेल्वेचे बोगदे सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून ज्यांनी खणले त्यांत बहुसंख्य चिनी होते, आणि १८८२ मध्ये त्यांच्या मजुरांना देशाची दारंच बंद झाली.

जमीन फुकट होती, शेत फुकट नव्हतं. बैलजोडी, पोलादी नांगर, बियाणं, विहीर आणि पहिलं पीक येईपर्यंतचं धान्य स्वतःचं लागे. चांगल्या जागा बहुधा आधीच गेलेल्या असत. त्याच १८६२ सालच्या दुसऱ्या एका कायद्याने रेल्वे कंपन्यांना रुळाच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक सेक्शन बहाल झाले. बुद्धिबळाच्या पटासारखे. मधले सरकारी सेक्शन फुकट घ्यायचे तर रुळाजवळ सुरुवातीला ८० एकरच मिळत. म्हणजे पैसे असतील तर रेल्वेकडून विकत घ्या, नसतील तर स्टेशनपासून लांब जा.

नेब्रास्काच्या माळावर उतरलेल्या अशा कुटुंबाचं पहिलं वर्ष डोळ्यांपुढे आणा. क्षितिजापर्यंत झाड नाही, म्हणजे वासा नाही, सरपण नाही. मग घर जमिनीतूनच कापायचं. गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेल्या मातीची फूटभर रुंद, चार बोटं जाड पट्टी नांगराने उलटायची, कुदळीने दोन-तीन फुटांचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचायचे. भिंत दोन फूट जाड. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पण पाऊस झाला की छप्पर बाहेरचा पाऊस थांबल्यावरही दोन दिवस गळत राही. चुलीवरच्या भांड्यावर छत्री धरून स्वयंपाक करावा लागे. आढ्याखाली कापड ताणून बांधत, माती आणि कधी साप थेट अंथरुणात पडू नयेत म्हणून. जळणाला काय? बायका-पोरं पोती घेऊन माळावर रानशेणी वेचत फिरत. आधी रानरेड्यांच्या, म्हणजे तिथल्या बायसनच्या, मग तेही संपल्यावर गायीगुरांच्या. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला ते दृश्य लगेच ओळखू येईल. १८७४ च्या उन्हाळ्यात टोळ आले, तेव्हा पीक तर गेलंच, पण दोरीवरचे कपडे आणि अवजारांच्या घामट मुठीही त्यांनी कुरतडल्या.

कित्येकांनी पाच वर्षांच्या आत काढता पाय घेतला. काहींनी खोटे साक्षीदार उभे करून जमिनी लाटल्या. तरीही कायदा चालू होता तोवर सुमारे १६ लाख लोकांना मालकीचे कागद मिळाले, एकूण सुमारे २७ कोटी एकरांचे. ज्यांच्या बापजाद्यांनी युरोपात आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबून काढलं, त्यांच्या नावावर जमीन झाली. हे मोठं काम होतं आणि ते तसंच म्हटलं पाहिजे.

१८६२ मध्येच आणखी एक कायदा झाला. प्रत्येक राज्याला सार्वजनिक जमीन देऊन तिच्या पैशांतून शेतकी आणि तांत्रिक शिक्षणाची महाविद्यालयं उभी करायची. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या अशाच महाविद्यालयांत शेती शिकले आणि पुढे मेक्सिकोत कृषी संशोधक म्हणून नावाजले. ज्या जमिनी विकून ही महाविद्यालयं उभी राहिली, त्या कालपरवापर्यंत कुठल्या ना कुठल्या जमातीच्या होत्या.

शंभराव्या रेखांशापलीकडे

१६० एकर हा आकडा ओहायो, इलिनॉयच्या ओल्या, काळ्या जमिनीवर बसलेला होता. तिथे तेवढ्यात कुटुंब सुखाने राही. पण साधारण १०० अंश पश्चिम रेखांश ओलांडला की वर्षाचा पाऊस २० इंचांच्या, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या खाली जातो. एवढ्यावर कोरडवाहू पीक एखाद्या वर्षी साधतं, पुढची दोन वर्षं जातं. तिथे १६० एकर शेतीला भरवशाचे नाहीत आणि गुरं चारायला तर अगदीच अपुरे.

हे स्पष्टपणे सांगणारा माणूस होता जॉन वेस्ली पॉवेल. यादवी युद्धात शायलोच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला. १८६९ मध्ये हा एकहाती माणूस दहा जणांची तुकडी आणि चार होड्या घेऊन ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांतून, ग्रँड कॅन्यनच्या आरपार गेला. तीन महिन्यांनी बाहेर पडले तेव्हा दोन होड्या आणि सहा माणसं उरली होती. १८७८ मध्ये त्याने कोरड्या मुलखाविषयीचा अहवाल सरकारला दिला. सांगणं साधं होतं. इथे जमीन भरपूर आहे, पाणी नाही. तेव्हा चौकोन सोडा. पाण्याखालचं शेत ८० एकरांचं पुरे, कुरण मात्र २,५६० एकरांचं द्या. हद्दी ओढ्यानाल्यांच्या कलाने आखा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडा काठ येईल. पुढे तर तो म्हणाला की गावं आणि कारभारही नदीखोऱ्यांप्रमाणे बांधा.

त्याचं ऐकलं गेलं नाही. त्याच काळात काही जाणते म्हणवणारे सांगत होते की जमीन नांगरली की पाऊस मागोमाग येतो. दुर्दैवाने काही वर्षं पाऊस झालाही चांगला. रेल्वे कंपन्यांना जमिनी विकायच्या होत्या, नव्या गावांना माणसं हवी होती. १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत पॉवेलने भर सभेत बजावलं की एवढ्या जमिनींना पुरेल इतकं पाणी इथे नाही, तुम्ही पुढच्या पिढ्यांसाठी भांडणं आणि खटले साठवून ठेवताय. सभेने त्याची हुर्यो उडवली. १९३० च्या दशकात पावसाने सलग दगा दिला तेव्हा त्याच नांगरलेल्या माळांची माती उडून गेली, आकाश काळं झालं आणि लाखो माणसं घरदार सोडून निघाली.

पुन्हा तेच १६० एकर

ज्यांचं हे सगळं रान होतं त्यांचं काय झालं? रानरेडे कोट्यवधी होते. १८८९ च्या सुमारास हजाराच्या आसपास उरले. माळावरच्या जमातींचं अन्न, कातडं, तंबू सगळं त्यांच्यावर होतं, त्यामुळे शिकार संपली आणि लढण्याची ताकदही संपली. १८६८ च्या तहाने ब्लॅक हिल्स डोंगर लकोटांकडे कायमचे राहणार होते. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला लकोटा आणि शाएन लोकांनी अमेरिकी लष्करी अधिकारी कस्टर याच्या तुकडीचा फडशा पाडला, पण वर्षभरात डोंगर हातचे गेले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घेणं बेकायदा ठरवून दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली. लकोटांनी ती आजवर उचललेली नाही. त्यांना डोंगर हवे आहेत.

आणि मग चौकोन जमातींसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशांतही शिरला. १८८७ च्या डॉज कायद्याने जमातीची सामाईक जमीन मोडून प्रत्येक कुटुंबप्रमुखाला १६० एकर द्यायचे ठरले. कायदा करणाऱ्या पुढाऱ्यांपैकी काहींना खरोखर वाटत होतं की स्वतःचा तुकडा मिळाला की ही माणसं सुखी शेतकरी होतील. वाटून उरलेली जमीन जादा ठरवून बाहेरच्यांना खुली केली गेली. १८८७ मध्ये जमातींकडे १३.८ कोटी एकर होते, १९३४ मध्ये ४.८ कोटी उरले. जे तुकडे नावावर झाले त्यांचं पुढे काय झालं, ते आपल्याला समजावून सांगायला नको. मालक वारला, पाच वारस. त्यांचे पंचवीस. आपल्या सातबाऱ्यावर नावांची रांग वाढत जाते आणि शेवटी कुणालाच काही करता येत नाही, तसं तिथे एकेका १६० एकरांवर शेकडो वारस लागले आहेत.

ओक्लाहोमात २२ एप्रिल १८८९ रोजी भर दुपारी बाराला तोफांचे आणि बिगुलांचे इशारे झाले आणि सुमारे ५०,००० माणसं घोड्यांवरून, गाड्यांतून, आगगाडीच्या टपावरून सुमारे २० लाख एकरांवर धावून गेली. कोपऱ्यांवर मोजणीच्या खुणा आधीच केलेल्या होत्या. खुणेपाशी पोचून आपली काठी रोवायची एवढंच. सकाळी जिथे रेल्वेचं स्टेशन आणि जमीन कचेरी एवढंच होतं, त्या गथ्री गावात संध्याकाळी दहा हजार लोक तंबूंत झोपले. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेने जाहीर केलं की वस्तीची अशी वेगळी सीमारेषा आता नकाशावर दाखवता येत नाही.

चौकोन अजून आहेत. पश्चिम कॅन्ससवरून विमान जातं तेव्हा १६० एकरांच्या कित्येक चौकोनांत एकेक हिरवं वर्तुळ दिसतं. मध्यभागी बोअर, तिच्याभोवती चाकांवर फिरणारा पाव मैल लांब पाण्याचा पाइप. फ्रँक झायबाख या शेतकऱ्याने १९५२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पाइप गोल फिरतो, म्हणून सुमारे १३० एकर भिजतात आणि चारही कोपरे कोरडे राहतात. पाणी येतं जमिनीखालच्या ओगलाला साठ्यातून. तो हजारो वर्षांत भरला, आणि तिथला पाऊस जेवढं भरतो त्याच्या कितीतरी पट वेगाने उपसला जातो. काही वर्तुळं आता अर्धीच हिरवी असतात. काही ठिकाणी बोअर आटली आहे, पाइप जागच्या जागी उभा आहे, आणि कोपऱ्यांसारखंच मधलंही सगळं पिवळं पडलं आहे.